चॅनेलला कुलूप

"हा एक माझ्यासमोर करून दाखव, मग बाकीचे तू निवांत कर," साहेब म्हणाले आणि स्टूल ओढून तिच्या टेबलाशी बसले.

वायरलेसताईने पहिला वॉकीटॉकी उचलला. बाजूची रबरी टोपी काढून की-लोडरची वायर जोडली. की-लोडर म्हणजे तळहाताएवढी डबी. तिच्यातून संचात एक लांबलचक आकडा उतरतो, आणि ज्या संचात तो आकडा असेल त्यालाच दलाचं बोलणं उलगडतं. बाकीच्यांच्या कानी काहीच पडत नाही. पडद्यावर एक रेघ सरकत गेली आणि कोपऱ्यात बारीकसं कुलूप उमटलं.

"झालं?"

"झालं."

"एवढ्यासाठी वर्षभर डोकेफोड करत होतो आपण?"

"लावणं सोपंच असतं, साहेब," ती म्हणाली आणि दुसरा संच ओढला.

अग्निशमन दलाच्या या वर्कशॉपात ती तरुणपणी आली आणि इथेच तिचे केस पिकले. वॉकीटॉकी, गाड्यांवरचे संच, कंट्रोलरूमचा बेस, सगळं तिच्या हाताखालून जायचं. नाव कुणी घेत नसे. जवान तिला वायरलेसताई म्हणत, आणि नव्याने आलेल्यांना तेच तिचं खरं नाव वाटे.

कुलूप लावायचा हुकूम उगाच आला नव्हता. कुणीही शंभर ठिकाणी मिळणारा संच घ्यावा आणि दलाचं बोलणं ऐकत बसावं, असं चाललं होतं. आगीच्या जागी गाडीच्या आधी बघे पोचायचे. मागे एका कारखान्याच्या आगीत पोरगा गेला. जवानाने कंट्रोलला त्याचं नाव कळवलं, आणि त्याच्या आईला ते भाजीच्या दुकानासमोर कुणीतरी सांगितलं. दलाचा माणूस तिच्या दारात पोचला तेव्हा घराला कुलूप होतं. बाई रस्त्यावर बसली होती. हे ऐकल्यावर हुकुमाविरुद्ध बोलायला कुणाचं तोंड उघडणार? ताईचंही उघडलं नाही.

पण घरी अण्णा होते.

अण्णा, तिचे वडील, कंट्रोलरूममध्ये बोलणारे. उभी हयात त्यांनी त्या काचेच्या खोलीत, कानाला हेडफोन लावून काढली. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. आई आधीच गेली होती. ताईने लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारणारी माणसंही एकेक करत सरली. दिवसभर अण्णा खाटेवर एकटे. शेजारच्या काकू दुपारी डोकावून जायच्या. म्हणून ताईने मोडीत निघालेला एक संच दुरुस्त केला, त्याचं बोलायचं बटण काढून टाकलं आणि जुन्या साहेबांच्या परवानगीने त्यांच्या उशाशी ठेवला. अण्णा दिवसभर ऐकत. आवाजावरून माणूस ओळखत. कुणी घाईत अर्धवट पत्ता सांगितला की डाव्या हाताने कपाळ बडवून घेत.

आणि दुपारच्या सुमाराला ताईचा आवाज यायचा. दुरुस्त केलेला संच तपासायचा तर कंट्रोलला हाक द्यावीच लागते. "वर्कशॉपवरून चाचणी. आवाज कसा आहे?" बस, एवढंच. काकू सांगायच्या, "तुझा आवाज आला की ते माझ्याकडे बघतात, जणू मीच बोलवून आणलं तुला." ताई कधीकधी धडधाकट संचही तपासायची. कंट्रोलमधल्यांना ते कळत होतं, पण कुणी बोललं नाही.

संध्याकाळ होत आली तसे साहेब पुन्हा आले. टेबलावर कुलूप लागलेल्या संचांची रांग होती.

"अण्णांच्या संचाचं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"त्याचं काय, साहेब. तो दलाचा राहिलाच नाही आता."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. "आज लोडर कपाटात ठेवायचं माझ्या लक्षात राहिलं नाही, तर सकाळी तो तुझ्याच टेबलावर असेल ना?"

"असेल, साहेब."

ती लोडर डब्याच्या पिशवीत घालून घरी आली. हातपाय धुतले, अण्णांना उशीला टेकवून बसवलं आणि उशाचा संच घेतला.

"उद्यापासून चॅनेलला कुलूप लागतंय, अण्णा. तुमच्या संचात किल्ली घालते, म्हणजे पहिल्यासारखं ऐकू येईल."

"हुकूम... आहे?"

"साहेबांना माहीत आहे."

"हुकूम आहे?"

तिने पिशवीतून लोडर काढला. अण्णांचं अर्धं तोंड हसलं.

"मग चोरी," ते म्हणाले.

"कसली चोरी? जन्मभर तुम्हीच तर बोललात त्या चॅनेलवर."

"त्या बाईचा मुलगा..." अण्णा थांबले, जीभ गोळा केली. "नाव मी पण ऐकलं. इथे पडून. मला काय हक्क?"

"तुम्ही कुणाला सांगायला गेला नव्हता, अण्णा."

"ऐकलं ना."

ती तरीही टोपी काढायला वाकली. अण्णांनी डाव्या हाताने संच तिच्याकडून घेतला, छातीशी धरला आणि अंगठ्याने खटका दाबला. बॅटरी फरशीवर पडली. बराच वेळ दोघांनी ती उचलली नाही.

"वाढ," अण्णा म्हणाले. "भूक लागली."

त्या रात्री ते पोटभर जेवले. त्यानंतर मात्र जेवण कमी कमी होत गेलं.

ताई वर्कशॉपातून फोन करायची. काकू फोन त्यांच्या कानाला लावायच्या, पण फोनवर उत्तर द्यावं लागतं. अण्णांना आपल्या बोबड्या बोलण्याची लाज वाटे. पलीकडून नुसता श्वास ऐकू यायचा. "अण्णा, ऐकताय ना?" ती विचारायची, आणि काकूच म्हणायच्या, "ऐकतायत गं." वॉकीटॉकीने त्यांच्याकडून काही मागितलं नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं. तिने गाण्यांचा रेडिओ आणून दिला. दोन दिवस ऐकून त्यांनी तो बंद करायला लावला.

"चांगली गाणी असतात की," ती म्हणाली.

"कुणाशीच... बोलत नाहीत हे."

डाव्या हाताने का होईना, रोज दाढी करायचे, ती सोडली. दिवसाही झोपू लागले. डॉक्टर म्हणाले, मन रमवा. मन कुठे रमत होतं ते ताईला ठाऊक होतं, पण ते गोळीसारखं दुकानात मिळणारं नव्हतं. तिने पुन्हा एकदा लोडरचा विषय काढला. अण्णांनी भिंतीकडे तोंड केलं.

एके दुपारी ती एका संचाचा स्पीकर बदलत होती. चाचणीसाठी तिने तो चालू केला आणि कंट्रोलचा आवाज आला. अॅम्ब्युलन्सला निरोप होता. "वृद्ध पुरुष, शुद्धीवर नाही. पाण्याच्या टाकीमागची इमारत, दुसरा मजला." बोलणारा अण्णांच्याच हाताखाली शिकलेला. टाकीमागची इमारत म्हणजे ताईचं घर; तिथे त्याचा आवाज क्षणभर अडला. मग त्याने पत्ता सगळा वाचला, दोनदा, घाई न करता, अण्णांनी शिकवलं होतं तसं.

साहेब तिला जीपमधून घेऊन गेले. इमारतीपाशी बघे नव्हते. एकही माणूस जमला नव्हता.

जिन्याच्या वळणावर स्ट्रेचर वळेना, म्हणून जवानांनी अण्णांना खुर्चीत बसवून खाली आणलं. एकाने त्यांचं डोकं तळहातावर धरलं होतं. काकू मागून त्यांच्या चपला घेऊन उतरल्या, आणि त्या कुणाकडे द्याव्यात हे न कळून दारातच उभ्या राहिल्या.

अॅम्ब्युलन्समध्ये ताई त्यांच्या पायाशी बसली. अण्णांचे डोळे उघडे होते. पुढे ड्रायव्हरजवळच्या संचावर बोलणं चाललं होतं. तिनेच किल्ली घातलेला संच, एकेक शब्द कळत होता. कुठेतरी शॉर्टसर्किट, कुठेतरी लिफ्टमध्ये माणूस अडकलेला. मग कंट्रोलने याच गाडीला हाक दिली. ताई अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"अण्णा, कोण बोलतंय ओळखलंत?"

त्यांची नजर गाडीच्या छतावर होती. आवाज येत होते, जात होते, आणि इंजिनाच्या घरघरीहून त्यांना ते वेगळे वाटत असावेत असं चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिने त्यांचा डावा हात हातात घेतला. बोटं मिटली नाहीत.

"ताई, त्रास होतोय का त्यांना या आवाजाचा?" सोबतच्या जवानाने विचारलं. "कमी करू?"

तिने अण्णांचा हात हलकेच खाली ठेवला.

"करा," ती म्हणाली, आणि त्यांच्या पावलांवरून सरकलेली चादर नीट करू लागली.