दुरुस्तीचा हात

"माणसाचा आवाज ही या पृथ्वीतलावरची एकमेव मालमत्ता आहे, जिला दुसऱ्या कुणाचाही हात लागता कामा नये," खुंटीसर म्हणाले. वाक्य दगडात कोरून ठेवावं असं होतं. पण बोलताना ते टेबलाखाली पालथे पडले होते, दातांत चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि ऐकायला फक्त शिपाईमामा हजर होते.

"अगदी खरं आहे, सर," शिपाईमामा म्हणाले. "पण घंटेचं काय करताय? दुसरा तास संपून वीस मिनिटं झाली. मुलं अजून भूमितीतच आहेत."

खुंटीसर या हायस्कुलात सव्वीस वर्षं संगीत आणि ध्वनितंत्र शिकवत होते. म्हणजे सकाळी गाणं शिकवायचं, आणि दुपारी ते रेकॉर्ड कसं करायचं, कापायचं कुठे, जोडायचं कुठे, ते शिकवायचं. वाद्याच्या खुंट्या पिळता पिळता बोलायची सवय, म्हणून मुलांनी पहिल्याच वर्षी हे नाव ठेवलं. आता त्या मुलांची मुलं वर्गात होती आणि नाव वारसाहक्काने पुढे चाललं होतं. बाकी जगाला मात्र त्यांच्या कामाचा नीटसा पत्ता नव्हता. शाळेच्या लेखी ते घंटा दुरुस्त करणारे होते. सासूबाई शेजारणींना "आमचे जावई माइक लावतात" असं सांगत, आणि सांगताना आवाज इतका खाली आणत, की जावई माइक चोरतात असं वाटावं. मेहुण्याला बहिणीची आणि तिच्या नवऱ्याची आठवण यायची ती टीव्हीचा आवाज एका बाजूने येईनासा झाला की.

दुसऱ्या मजल्याच्या टोकाला सरांची खोली होती. भिंतींवर चौकोनी उश्या ठोकलेल्या, घुमणारा आवाज पिऊन टाकायला. त्या उश्या बायकोने शिवल्या होत्या, जुन्या गाद्यांचा कापूस भरून. पंखा कुरकुरायचा, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी बंद ठेवावा लागे. त्यामुळे उन्हाळ्यातल्या सगळ्या गाण्यांत गाणारा घाईत असल्यासारखा वाटे. दारावर सरांच्या हस्ताक्षरात पाटी होती : 'इथे गायलेलं बदललं जाणार नाही.' खाली कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं : 'म्हणून नीट गा.' ती पेन्सिल सरांनी पुसली नव्हती.

शनिवारी या खोलीत एक परीक्षा होई. सर दहा छोटे तुकडे वाजवत. काही जसे गायले तसेच, काही संगणकाने सूर सरळ करून घेतलेले. मुलांनी डोळे मिटून ऐकायचं, आणि दुरुस्ती ऐकू आली की उजवा हात वर करायचा. पहिला महिना मुलं एकमेकांकडे चोरून बघत हात वर करत. सहाव्या महिन्यापर्यंत त्यांना इतकी सवय झाली, की एका मुलीच्या वडिलांनी तक्रार आणली : पोरगी दुकानात जाहिरात लागली तरी हात वर करते, आणि दुकानदार विचारतो, बाळ, काय हवंय.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मोठ्या बाईंनी सरांना आपल्या खोलीत बोलावलं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. बाई वाईट नव्हत्या. फक्त त्यांना शाळा शोभिवंत दिसायला हवी असे, आणि शाळेत मुलं असल्यामुळे ते जमत नसे.

"सर, गुरुवारी तपासणी समिती येतेय. त्यांना विषय कमी करायचेत. तुमचा विषय यादीत सगळ्यात वर आहे."

"ऐकून बरं वाटलं."

"कापायच्या यादीत, सर."

सरांनी बोटाला चिकटलेली चिकटपट्टी सोडवली.

"विषय गेला तर त्या खोलीत मोडके बाक ठेवावे लागतील. आणि तुम्हाला ग्रंथालयात पाठवतील, पुस्तकांवर शिक्के मारायला. मला ते नकोय. म्हणून सांगते, ऐका. मुलं समितीसमोर शाळेचं गाणं म्हणणार आहेत. परवा मी तालीम ऐकली. कच्चं आहे."

"कच्चंच आहे."

"संगणकसर म्हणतात, एका बटणाचं काम आहे. तालमीचं रेकॉर्डिंग सुरात बसवून घ्यायचं आणि तेच लावायचं. मुलं वर उभी राहून नुसते ओठ हलवतील. आणि ती मागच्या रांगेतली, दणदणीत आवाजाची—"

"तिला भोंगा म्हणतात."

"तिचा आवाज काढूनच टाका."

"नाही," सर म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. सव्वीस वर्षांत हा शब्द तुमच्या खोलीत मी पहिल्यांदाच वापरतोय, त्यामुळे जरा नवखा वाटत असेल."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "मग मी संगणकसरांना सांगते."

"सांगा. पण ओठ हलवायला मी शिकवणार नाही. मासेच पाळायचे असते तर मी काचेची पेटी घेतली असती."

संध्याकाळी घरी सरांनी हा संवाद बायकोला दोनदा ऐकवला. दुसऱ्यांदा त्यात मोठ्या बाई जरा जास्त घाबरल्या होत्या. बायको दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहून आली होती आणि पाय बादलीत घालून बसली होती.

"आता पुढे काय?" तिने विचारलं.

"लढणार."

"घरात पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यात तुमचं मत कुणी घेत नाही. आणि तुम्ही लढणार."

"तिथे तत्त्वाचा प्रश्न नाही."

"ते असू दे. एक सांगते. शिक्के मारायची वेळ आली तर खुशाल मारा, मी कुणाला काही म्हणू देणार नाही. आईलासुद्धा. पण ते बटण दाबून घरी आलात, तर उद्या शाळेत येऊन माझ्या सगळ्या उश्या उतरवून नेईन."

गुरुवारी सभागृहात आवाजाच्या पॅनेलमागे संगणकसर बसले. खुंटीसरांची खुर्ची शेवटच्या रांगेत गेली, खेळाच्या मास्तरांशेजारी. सरांनी कसलाही कट केला नव्हता, हे इथे नमूद करायला हवं. त्यांनी मुलांना एवढंच सांगितलं होतं, "मोठ्या बाई म्हणतील तसं करा. तुमच्यावर बालंट नको. भांडण माझं आहे." आणि शिक्के मारायचा सराव म्हणून डावा हात गुडघ्यावर हलकेच आपटत ते बसले होते.

"तुमच्या पोरांना कवायत नीट येते बरं का," खेळाचे मास्तर धीर द्यायला म्हणाले. "रांगा सरळ आहेत."

बत्तीस मुलं तीन रांगांत उभी राहिली. समितीचे तिघं समोर बसले होते. मधल्या अध्यक्षबाई वयस्कर होत्या, आणि सकाळपासून चार शाळांत चार स्वागतं झाल्यामुळे त्यांचे डोळे अर्धे मिटले होते. संगणकसरांनी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं आणि सभागृह चकित झालं. शाळेचं गाणं कुण्या जुन्या मुख्याध्यापकांनी रचलेलं होतं, त्यात 'प्रकाश' हा शब्द अकरा वेळा येतो, आणि आजवर एकदाही तो दोन मुलांनी एका सुरात म्हटलेला नव्हता. आज अकराही प्रकाश एका रेषेत पडणार होते. स्वर इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखे होते, कडक, स्वच्छ, आणि आत कुणी नाही. मोठ्या बाईंनी समाधानाने पदर सारखा केला.

दुसऱ्या ओळीला पहिल्या रांगेतल्या एका मुलाचा उजवा हात वर गेला.

त्याने मुद्दाम केलं नव्हतं. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. ओठ हलत होते, नजर समोर होती, आणि हात सवयीने वर गेला होता. मग शेजारणीचा गेला. मग रांगच्या रांग. तिसरी ओळ संपेपर्यंत बत्तीस मुलं तोंडाने प्रकाश प्रकाश म्हणत, हात छताकडे करून उभी होती. खेळाच्या मास्तरांना वाटलं गाण्याला कवायत बसवलीय. त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

अध्यक्षबाईंचे डोळे पूर्ण उघडले. "जरा थांबवा," त्या म्हणाल्या.

संगणकसरांनी गाणं थांबवलं. काही मुलांचे ओठ पुढेही थोडा वेळ हलत राहिले, त्यामुळे उरलेला खुलासा करायची गरज पडली नाही. हात मात्र खाली आले. एका मुलीचे सोडून. तिचे दोन्ही वर होते.

"तुझे दोन हात का गं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"एक दुरुस्तीचा आहे, बाई," भोंगा म्हणाली. तिला माइकची गरज नव्हती. "मशीनने सूर सरळ केलेले ऐकू आले की उजवा हात वर करायचा असतो. दर शनिवारी परीक्षा असते आमची."

"आणि दुसरा?"

"दुसरा प्रश्नाचा आहे."

"विचार."

"आम्ही बत्तीस जण आहोत. यात एकतीसच ऐकू येतायत. मी कुठे गेले?"

मोठ्या बाई आपल्या बांगड्या मोजू लागल्या. संगणकसर पॅनेलखाली वाकून, न पडलेलं काहीतरी शोधत राहिले.

"हा विषय शिकवतं कोण?" अध्यक्षबाईंनी वळून विचारलं.

खुंटीसर उभे राहिले. सव्वीस वर्षांची भाषणं घशाशी गोळा झाली होती. पण भोंगाचे दोन हात अजून वर होते, आणि त्यांच्यासमोर भाषण करायची त्यांना लाज वाटली.

"मी शिकवतो," ते म्हणाले. "मुलांना गाणं फारसं येत नाही. तो माझा दोष, सुधारतोय. पण आत्ता ऐकलंत ते त्यांचं नाही. त्यांचं ऐकायचं असेल तर ती आत्ता म्हणतील. वाईट म्हणतील. ते सहन झालं नाही तर तुम्ही आमचा विषय कापा, पण त्यांचं ऐकून कापा." मग ते मंचाकडे बघून म्हणाले, "भोंगे, हात खाली घे. सूर तू दे."

भोंगाने सूर दिला. तो जरा खालचा होता, आणि बत्तिसांनी तो इमानाने धरला. पहिला प्रकाश तीन दिशांना पडला. चौथ्या ओळीत मधली रांग मागे राहिली आणि तिने धावत येऊन बाकीच्यांना गाठलं. नवव्या प्रकाशाला भोंगाचा आवाज इतका वर चढला, की खिडकीची एक काच थरथरली. बाहेरच्या मैदानातली मुलं खेळ थांबवून बघायला लागली. गाणं कसंबसं, पण आपल्या पायांनी शेवटाला आलं.

सबंध गाण्यात एकही हात वर गेला नाही.

अध्यक्षबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, चहा नको म्हणाल्या, आणि पुढच्या शाळेकडे निघून गेल्या. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडताच मोठ्या बाईंनी सरांना एका ओळीची चिठ्ठी पाठवली : लेखी खुलासा द्यावा.

सरांना आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं मत लेखी मागितलं होतं. त्यांनी आठ दिवस खुलासा लिहिला. बायकोने त्यातल्या तीनपैकी दोन 'हुतात्मा' खोडले, एक राहू दिला. नवव्या दिवशी चार पानं घेऊन, ठेवणीतला कोट घालून, ते मोठ्या बाईंच्या खोलीत शिरले.

"सर, त्याची आता गरज नाही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी समितीचं पत्र पुढे सरकवलं. विषय तीन वर्षं चालू ठेवावा, असं त्यात लिहिलं होतं. खाली शेरा होता : 'विद्यार्थ्यांना गाता येत नाही, परंतु ऐकता येते. पाहणी केलेल्या अन्य शाळांत ही बाब आढळली नाही.'

सरांनी पत्र वाचलं, घडी घालून परत ठेवलं. कोटाची बटणं अजून लावलेलीच होती.

"गरज तुम्हाला नसेल. मला आहे," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्या वाचू लागले. यापुढे कुठल्याही मुलाचा आवाज माझ्या हयातीत दुरुस्त होणार नाही, काढला जाणार नाही, मागच्या रांगेत लपवला जाणार नाही, असं पहिल्या पानावर होतं. दुसऱ्यावर पाटीचा इतिहास होता. तिसऱ्यावर मासे होते. चौथ्यावर, हे अमान्य असेल तर मला खुशाल ग्रंथालयात पाठवावे, तिथेही मी शिक्के ताला-सुरात मारीन, अशी धमकी होती. आवाज कुठेही कापला नाही. शिपाईमामा दारात येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत हलले नाहीत.

मोठ्या बाईंनी हनुवटीखाली हात धरून चारही पानं ऐकली. संपल्यावर चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मान्य आहे," त्या म्हणाल्या. "सगळंच. पाटी आता नीट रंगवून घ्या, पेन्सिलीसकट. बसा ना, सर."

सर बसले. बाईंनी पर्समध्ये बराच वेळ चाचपून फोन बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"याची रिंग पर्समध्ये असली की ऐकूच येत नाही हो. तेवढी जरा मोठी करून देता का?"