वालाचा भुसा

येसाजीच्या दावणीला दोन बैल होते आणि तिसरा खुंटा आठ वर्षं रिकामा. आपल्या घरची दुभती म्हैस असावी, एवढी एकच हौस या माणसाला होती. बाकी ना विडी, ना तमाशा. त्यामुळे एकतीस सालच्या चैत्रात मुंबईच्या रतन गवळ्याने आपली भाकड म्हैस पडावातून, शिडाच्या गलबतातून, मांडव्याला उतरवली आणि सांभाळायला येसाजीच्या हवाली केली, तेव्हा याचे पाय जमिनीला लागेनात.

बोली साधी होती. म्हैस सात महिन्यांची गाभण. दूध न देणाऱ्या जनावराला मुंबईच्या तबेल्यात जागा नाही, म्हणून येसाजीने ती पोसायची. आषाढात ती विणार, आणि नारळी पौर्णिमेनंतर पडाव सुरू झाले की गवळी तिला परत नेणार. रेडकू मात्र येसाजीचं. पारडी झाली तर तीन-चार वर्षांनी घरचं दूध.

निघताना गवळी म्हणाला, "उन्हाळ्यात म्हैस खातेच कमी. म्हणून जे घालशील ते कसदार घाल. नुसत्या पेंढ्यावर ठेवू नको. रोज पाटीभर वालाचा भुसा दे, ओंजळभर पेंड दे. आत पोर वाढतंय."

येसाजीने मान डोलावली आणि गवळ्याची पाठ वळताच नाक मुरडलं. वाल नुकताच झोडून झाला होता, भुसा माळ्यावर भरून होता. पण तो बैलांचा. पावसात नांगर काय ही भाकड ओढणार होती? बसून खाणाऱ्याला पेंढा पुष्कळ झाला. यात त्याची कंजुषी नव्हती हो. पेंढा तो हात न आखडता घालायचा, भर उन्हात म्हशीला तळ्यात डुंबायला न्यायचा आणि संध्याकाळी तिच्या कुशीवर थाप मारून अख्ख्या आळीला ऐकवायचा, "बगा, पोट कसं नगाऱ्यावानी झालंय!"

शेण काढायला त्याची सून मैना असायची. शेण कोरडं, गोळ्यागोळ्यांचं पडत होतं. पोट नगाऱ्यासारखं होतं खरं, पण पाठीचे मणके मोजता येत होते. मैनाने ते सासूला, बायजाला, दोनदा सांगून पाहिलं. शेवटी वैशाखात एके दिवशी तिने स्वतःच भुशाची पाटी म्हशीपुढे नेली. येसाजीने बघितलं. पाटी हिसकून त्याने ती बैलांपुढे रिकामी केली.

"बैलांचा घास भाकडीला घालतेस? आखाडात नांगर तू वडनार का?"

मैना रिकामी पाटी उचलून शेण भरायला लागली. या घरात सुनेने गप्प राहण्यालाच चांगलं वळण म्हणत.

आषाढात म्हैस व्याली. पारडीच झाली! येसाजी लहान पोरासारखा ओरडत घरात आला. पण पारडीचं डोकं तेवढं मोठं, बाकी अंग म्हणजे हाडांवर ओढलेलं कातडं. ती उठेचना. आईच्या कासेत चीकही वाटीभर नव्हता. येसाजीने होता तो बोटाने पारडीला चाटवला, गोणपाटाने तिचं अंग चोळून चोळून स्वतःचे तळवे सोलून घेतले. बाहेर बांधावर आता हिरवं गवत गुडघाभर वाढलं होतं, त्याचा तिला काय उपयोग? तिसऱ्या दिवशी सकाळी पारडी मेली.

तो गोठ्यात बसून राहिला. "पोट कंदी रिकामं ठेवलं न्हाय मी तिचं," एवढंच पुनःपुन्हा म्हणत होता.

मैना जमीन खराट्याने धूत होती. ती थांबली.

"मामंजी, पोट माजंबी रोज भरत व्हतं. पेजेनं."

गेल्या आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, तिला पोर झालं होतं. मूठभर मुलगा, रडण्याचीही ताकद नसलेला. त्याची पाचवीसुद्धा पुजली गेली नाही. घरच्यांनी सटवाईला बोल लावला आणि विषय संपवला. मैना शेवटच्या दिवसापर्यंत चिखलात वाकून भात लावत होती. पण भाकरी, बोंबील, वालाचं बिरडं जायचं नांगर धरणाऱ्या बापलेकांच्या ताटात. बायकांना पेज, हवी तेवढी. तिला कोणी उपाशी ठेवलं नव्हतं. आणि आता तिला पुन्हा तिसरा महिना होता.

येसाजीला लाज वाटली. इतकी, की सुनेसमोर मान वर करवेना. मेलेल्या पारडीचं दुःख होतंच, पण हे त्याहून जड होतं.

दुपारी बायजाने त्याचं ताट वाढलं. भाकरी, भाजलेला बोंबील, वाटीत बिरडं.

"ह्ये मैनाला दे," तो म्हणाला.

"येड लागलं का तुमाला? तुमच्या आदी?"

"माज्या आदी. सदाच्याबी आदी. आन आजच न्हाय, रोज."

सदा, त्याचा मुलगा, पाटावर बसला होता, तो आ वासून बघत राहिला. बायजाने ताट मैनाच्या हातात दिलं. मैना ते घेऊन चुलीपाशी नुसतीच उभी. सासऱ्यासमोर सून जेवते कुठे? घास उचलायला तिचा हात होईना.

ते येसाजीच्या जरा उशिराच ध्यानात आलं. त्याने सदाला उठवलं, खुंटीवरचं इरलं डोक्यावर घेतलं आणि दोघे बाहेर पडवीच्या कडेला, पावसाकडे तोंड करून बसले. सदा भुकेने कुरकुरत होता, त्याला त्याने डोळे वटारून गप्प केलं.

बऱ्याच वेळाने बायजा दारात आली. "जेवली ती."

"बोंबीलबी?"

"व्हय, समदं."

मग येसाजी आत गेला आणि पेज मागितली.