हौदाचं माप

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. भवानी पेठेत माझं इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने चुकून एखादा पाना सुचवला, तर मी तो पाना त्याच्याच हातात देऊन बाजूला बसत असे. चनबसप्पा मिस्त्रीचा हात चांगला, तोंड वाईट, असं पेठेत म्हणत, आणि मला दोन्हींचा सारखाच अभिमान होता. विहिरीवरची इंजिनं, पिठाच्या गिरण्या, एखादा ट्रक, यातच आयुष्य गेलं. अठ्ठ्याहत्तर सालापर्यंत पाण्यावर चालणारं काही माझ्या दारात आलं नव्हतं. सोलापुरात ते येणार तरी कुठून?

त्या वर्षी दिवाळीनंतर सिद्धाप्पा आला. चाळिशीचा, उंच, खांद्यावर घोंगडी. मोडनिंबच्या पलीकडे भीमेकाठी त्यांची बावीस घरांची धनगरवस्ती. धरणाचं पाणी चढलं, खालची शेतं गेली, पण वस्तीचा माळ उंच असल्याने तेवढा कोरडा राहिला. चहूकडे पाणी आणि मधे हे लोक, त्यांची मेंढरं आणि त्यांचा बिरोबा. धरणाच्या कामावर साहेबलोकांना फिरवायला आणलेली एक जुनी लाँच काम संपल्यावर मोडीत निघाली, ती वस्तीच्या गळ्यात पडली. सिद्धाप्पाच ती चालवायला शिकला होता.

"वस्तीवरनं डांबरी रस्त्याला लागाया एक तास धा मिनटं लागत्यात," तो म्हणाला. "सायेब म्हनतोय, पंचेचाळीस मिनटांत पोचला तर ऱ्हावा तितंच. न्हायतर उठा."

त्याच्याकडे सरकारच्या पुनर्वसन खात्याचा कागद होता. मी वाचला. पंचेचाळीस मिनिटांत मोटाररस्ता गाठता येत असेल, तर वस्ती कायम. शाळा, रेशन, तलाठी सगळं चालू. जानेवारीत साहेब स्वतः लाँचमध्ये बसून वेळ मोजणार. ज्यांना हे नको, त्यांच्यासाठी मैंदर्गीजवळ जमीन काढून ठेवली होती. पण ती हवी की नको हे पंधरा डिसेंबरच्या आत लिहून द्यायचं. एकदा नको म्हटलं की जमीन दुसऱ्या गावाला जाणार. म्हणजे जमीनही नाकारली आणि लाँचही कमी पडली, तर हातात काहीच नाही.

कागद वाचून मला त्यांची काळजी वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला आनंद झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मी लष्कराच्या वर्कशॉपात होतो, तिथे मोडीत काढलेला एक सुपरचार्जर मी सोलापूरला आणला होता. इंजिन आपल्या दमाने जेवढी हवा ओढतं, त्याहून जास्त हवा हे यंत्र त्याच्या छातीत कोंबतं. लोहाराचा भाता निखाऱ्यांना जे करतो तेच. हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त. तीस वर्षं तो माझ्या दुकानात पोत्याखाली पडून होता, कारण विहिरीच्या इंजिनाला तो कोण लावून घेणार? माझ्या हौसेला या लोकांची अडचण सापडली.

मी लाँच बघायला गेलो. तेवीस फूट लांब, जाड लाकडाची, गोल पोटाची. इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोलचं, लढाईच्याही आधीचं, पण आतून निरोगी. सिद्धाप्पाने मला पाण्यावर नेलं आणि पूर्ण रेस दिली. मी कान इंजिनाला लावून बसलो होतो. तो म्हणाला, "मिस्त्री, एक बगा की. जोर दिला का ही मागनं बसतीया. मेंढराला दोर लावून म्होरनं वढलं का ते पाय रवतंय बगा, तशी हिची गत हाय."

"तू मेंढरं राख," मी म्हणालो. "इंजिनाचं मी बघतो."

तो हसला. मालक माणसाने चेष्टा केली की गरीब माणूस हसतो, तसा. मी पाण्याकडे वळूनही पाहिलं नाही.

इंजिन उतरवून दुकानात आणलं. महिनाभर दुसरं काम घेतलं नाही. सुपरचार्जरचे दोन्ही रोटर साफ केले, नवी बेअरिंगं घातली, इंजिनाच्या पुलीवरून त्यांना फिरवणारा पट्टा चढवला. ज्यादा हवेने सिलिंडरात ठोके पडू नयेत म्हणून हेडखाली जाड पॅकिंग दिलं. जादा पेट्रोल यावं म्हणून कार्बोरेटरचा जेट मोठा केला. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्याच्या शिट्टीने शेजारच्या कारखान्यातले विणकर माग सोडून बाहेर आले. इतका सुखाचा महिना माझ्या आयुष्यात दुसरा नाही.

आता ताकद मोजायची कशी? आमच्याकडे इंजिनाचं माप एकच. ते विहिरीवर लावायचं आणि हौद किती वेळात भरतो ते बघायचं. मैंदर्गीला माझ्या भावाचा मळा आहे, त्याच्या विहिरीवर इंजिन नेलं. सिद्धाप्पा, त्याची बायको फुलाबाई आणि माझी दानम्मा, तिघं हौदाच्या कट्ट्यावर बसली. आधी पट्टा काढून, जुन्या पद्धतीने चालवलं. हौद भरायला चाळीस मिनिटं लागली. हौद रिकामा केला, पट्टा चढवला आणि पंपाची पुली बदलली. पंचवीस मिनिटांत पाणी काठावरून सांडलं.

मी खडूने कट्ट्यावर हिशेब मांडला. चाळिसाचे पंचवीस, तर सत्तराचे किती? पावणेचव्वेचाळीस. साहेबाच्या पंचेचाळिसाच्या आत.

तो चौदा डिसेंबर होता. दुसऱ्या दिवशी कागद द्यायचा होता आणि बावीस घरांनी सिद्धाप्पा ठरवील ते मान्य केलं होतं. फुलाबाई मात्र उठून बांधापलीकडे गेली होती. सरकारने काढून ठेवलेली जमीन तिथून जवळच होती. ती मूठभर माती पदरात घेऊन आली.

"हितं बी चारा हाय की," ती नवऱ्याला म्हणाली. "माती वंगाळ न्हाय. लोकं कानडी बोलत्यात, पर शिकू आमी."

सिद्धाप्पाने मातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मिस्त्री, माज्या मनात माळ सोडायचं न्हाय. बिरोबा तितं हाय, बाप तितं पुरलाय. पर तुमी सांगा. नको म्हनून अंगठा देऊ का?"

दानम्मा मधेच बोलली, "होडीत बसवून बघितल्याशिवाय कशाला शब्द देता?"

"सुम्नीर," मी तिला गप्प केलं. घरात चिडलो की मी कानडीतच चिडतो. मग सिद्धाप्पाला म्हणालो, "हौद काय खोटं बोलतो? दे अंगठा बिनधास्त."

फुलाबाईने पदर झटकला आणि माती हौदाच्या कडेला सांडली.

इंजिन लाँचमध्ये बसवायला नाताळ उजाडला. सकाळी वारा नव्हता, पाणी स्वच्छ. वस्तीतली बायकापोरं काठावर उभी होती. बजाबाई नावाच्या म्हातारीने सुपरचार्जरला हळदकुंकू लावलं. मी मनगटावर घड्याळ बांधून सिद्धाप्पाजवळ बसलो. अर्धी रेस दिली तशी लाँच अशी सुटली की काठावरून आरडाओरडा झाला. मी मांडीवर थाप मारली. मग पूर्ण रेस दिली. शिट्टी वाढली, इंजिन गरजलं, लाँचचं तोंड वर आलं, मागची बाजू खाली गेली, आणि वेग होता तेवढाच राहिला.

रस्त्याच्या काठाला लागलो तेव्हा बावन्न मिनिटं झाली होती.

"थंड आहे अजून," मी म्हणालो.

साहेब यायला पंधरा दिवस होते. मी वस्तीवरच राहिलो. सुपरचार्जरची पुली लहान करून हवा आणखी वाढवली. पाण्यातला पंखा काढून त्याची पाती वळवली, पुन्हा वळवली, शेवटी दुसरा पंखा ओतवून आणला. लाँचमधली जड बाकं काढून टाकली. एक्कावन्न. बावन्न. एक्कावन्न. इंजिनाला कधीच दम कमी पडला नाही, हेच मला सहन होईना. तेराव्या दिवशी मी पहिल्यांदा इंजिनाकडे पाठ करून बसलो आणि पाण्याकडे पाहिलं. लाँचच्या तोंडाशी तिनेच उठवलेली एक लाट होती, मागे दुसरी. मधल्या खड्ड्यात लाँच बसली होती. जेवढा जोर द्यावा तेवढा खड्डा खोल होत होता आणि पुढची लाट उंच. त्या गोल पोटाला स्वतःच्याच लाटेवर चढता येत नव्हतं, आणि मी आणखी दहा सुपरचार्जर बसवले असते तरी आलं नसतं. हौदात पंपाने पाणी ओतलं की काम संपतं. तिथे पाण्याला कापत जायचं नसतं. मी जन्मभर पाणी पाहिलं ते विहिरीत आणि हौदात.

"तू पहिल्या दिवशीच सांगितलं होतंस," मी सिद्धाप्पाला म्हणालो.

"म्या मेंढराचं बोललो," तो म्हणाला. "मला काय ठावं इंजनाचं?"

त्याने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेब दहा जानेवारीला आला. मवाळ, पोक्त माणूस होता. पाण्याची त्याला भीती वाटत होती, तरी घड्याळावरची नजर त्याने काढली नाही. पलीकडे पोचल्यावर तो बराच वेळ उतरलाच नाही. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस्त्री, अठ्ठेचाळीस असती तर मी पंचेचाळीस लिहिली असती. एक्कावन्नची कशी लिहू?" मी मैंदर्गीच्या जमिनीचं विचारलं. ती एक जानेवारीलाच दुसऱ्या गावाला देऊन झाली होती.

वस्ती उठली. कोणी नीरा कालव्यावर उसाच्या तोडीला गेलं, कोणी नातेवाइकांच्या दारात. चरायला स्वतःची जागा नाही म्हटल्यावर मेंढरं ठेवायची कुठे? सगळी मिळून साडेतीनशे. मोडनिंबहून व्यापाऱ्यांचे ट्रक रस्त्याच्या काठाला येऊन थांबायचे ठरले. मी सुपरचार्जर काढायला गेलो. ते यंत्र डोळ्यांसमोर नको होतं, आणि दुसऱ्याच्या लाँचवर ते सोडणंही लाजिरवाणं वाटत होतं. पाना लावला तसा सिद्धाप्पाने माझा हात धरला.

"मेंढरं उतरवूस्तवर ऱ्हाऊ द्या की."

एका खेपेला तीस मेंढरं. मी पट्टा आणि तेल सांभाळत इंजिनाशी बसलो, तो सुकाणूवर. पलीकडे व्यापारी ट्रकात चढवताना मेंढरांच्या पाठीवर निळ्या रंगाचा फराटा ओढत होते. अलीकडे वस्तीच्या काठावर फुलाबाई प्रत्येक खेपेला लाँचमध्ये चढणारं मेंढरू नावाने हाकारत होती. आम्हाला ती सगळी सारखीच दिसतात. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना बारावी खेप झाली. शेवटची वीस मेंढरं होती, आणि फुलाबाईही त्यांच्यासोबत बसून आली. ती ट्रकाकडे न बघता सरळ रस्त्याला लागली.

सिद्धाप्पाने इंजिन बंद केलं. शिट्टी उतरत उतरत थांबली. त्याने घोंगडीच्या टोकाने सुपरचार्जरवरचं तेल पुसलं, बजाबाईच्या कुंकवाचा डाग तेवढा राहू दिला, आणि माझ्यापुढे हात जोडले. त्यात टोमणा नव्हता. मी नीट पाहिलं त्याच्या तोंडाकडे, टोमणा सापडावा म्हणून पाहिलं.

"लई उपकार झालं, मिस्त्री," तो म्हणाला. "जुन्या इंजनानं दिसाला चार खेपा व्हत व्हत्या. तीन दिस लागलं असतं. तुमच्यामुळं दोन दिसात मोकळं झालो."