कॉम्प्युटर विभागासाठी सोडलेला भात

"संघ हरायला लागला म्हणून पाठ फिरवायची नाही, द्रौपदी. शेवटची शिट्टी होईस्तोवर टाळ्या वाजवायच्या. मधूनच उठतो तो प्रेक्षक नव्हे, वाटसरू."

नवऱ्याने, शंकररावांनी, हे सांगितलं होतं कबड्डीच्या मैदानाकडे बघत, कमरेवर हात ठेवून. त्यांना जाऊन आता सात वर्षं झाली होती. आणि द्रौपदीबाई ते वाक्य घोळवत बसल्या होत्या उल्हासनगरातल्या एका लग्नाच्या हॉलमध्ये, दुसऱ्या रांगेत, मांडीवर भाकरीचा डबा घेऊन. स्टेजवर नवरानवरी नव्हती. एका ओळीत दहा कॉम्प्युटर होते, दहा पोरं होती, आणि मागच्या भल्यामोठ्या पडद्यावर लुटुपुटूची माणसं बंदुका घेऊन गल्लीबोळांतून धावत होती. त्यांतली पाच अंबरनाथच्या बुवापाड्याची.

"मौसी, शादी कल है," मागून एकजण काळजीने म्हणाला. "आज तो गेम की फायनल है."

"ठाऊक आहे," द्रौपदीबाई म्हणाल्या. "सेमीफायनललासुद्धा हीच खुर्ची होती माझी."

हे सगळं सुरू झालं दोन हजार तीन साली. द्रौपदीबाई अंबरनाथ एमआयडीसीत गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरायच्या. पहिली पाळी सुटली की वाटेत हरेशभाईंचं सायबर झाडून काढायचं, एवढं जोडकाम. पत्र्याची खोली, चार कॉम्प्युटर आणि एक पंखा, तोही हरेशभाईंच्या खुर्चीकडे तोंड करून. त्या वर्षी दसऱ्याला द्रौपदीबाईंनी मोठ्या भक्तिभावाने चारही यंत्रांना झेंडू वाहिला आणि हळदकुंकू लावलं. त्या काळी माऊसच्या पोटात गोळी असे. कुंकू थेट त्या गोळीपर्यंत पोचलं. दुसऱ्या दिवशी चारही माऊस ठार.

"द्रौपदीबाई, भगवान के लिए," हरेशभाईंनी हात जोडले, "पूजा करो, लेकिन टीव्ही की करो!"

झाडू मारता मारता पोरांच्या खांद्यावरून बघायची सवय लागली. पोरं बंदुकीचा एक खेळ खेळत, त्याला नुसतं काउंटर म्हणत. पाच अतिरेकी, पाच पोलीस. बंदुकीचं हे थेर द्रौपदीबाईंना आधी मुळीच पसंत नव्हतं. पण एकदा त्यांनी विचारलं, "मेलेला गडी कुठं जातो रे?"

"बाहेर बसतो, मावशी. डाव संपला की परत आत," राजरत्न म्हणाला. हा त्या पोरांचा कप्तान. आयटीआय झालेला, बोलायला मऊ, हात विजेसारखा.

"मग ही कबड्डीच की!" द्रौपदीबाईंनी झाडू खाली ठेवला, तो ठेवलाच.

पोरांनी संघाचं नाव काहीतरी इंग्रजी, वाघ-विजांचं ठेवलं होतं. द्रौपदीबाईंनी ते चालू दिलं नाही. शंकररावांचं कबड्डीचं जुनं मंडळ होतं ना! म्हणून संघ झाला नवयुवक क्रीडा मंडळ, बुवापाडा, कॉम्प्युटर विभाग. पहिल्या सामन्याला त्या हाताची घडी घालून बसल्या.

"टाळ्या वाजव ना, मावशी!" विक्रांत ओरडला. तो संघातला सगळ्यात वांड.

"तुम्ही अतिरेकी आहात. मी नाही वाजवायची."

"अगं, हाफटाइमला पोलीस होतो आम्ही!"

"मग तेव्हा वाजवीन."

पुढे मात्र शंकररावांचं वाक्य आठवलं आणि त्या दोन्ही अर्ध्यांत वाजवू लागल्या. अतिरेक्यांच्या वेळी मनात रामनाम घेऊन.

दोन हजार चारला उल्हासनगरच्या संघाने बुवापाड्याला धुऊन काढलं. पोरं माना खाली घालून बसली. त्यांचे चेहरे बघवेनात म्हणून द्रौपदीबाई बोलून गेल्या, "उल्हासनगरला हरवाल त्या दिवशी भात खाईन. तोवर भात सोडला."

सोमवार, चतुर्थी, एकादशी यांचे नेम त्यांच्या अंगवळणी पडले होते. पण भात सोडणं म्हणजे कोकणातल्या बाईने श्वास सोडण्यासारखं. भाकरी त्यांना कधी जमलीच नाही. त्यांच्या भाकरीला दरवेळी नवीन देशाचा आकार यायचा. देवाला मात्र रोज वरणभाताची मूद लागे. ती दाखवून झाली की ताट शेजारच्या जनीकडे जाई, आणि तुपाच्या वासात बसून द्रौपदीबाई भाकरीचा एखादा देश चघळत.

"आमच्यात नवस-बिवस नाय, मावशी," राजरत्न म्हणायचा. "आम्ही बाबासाहेबांची माणसं. पण तुझा तो भात आमच्या डोक्यावर बसलाय बघ. माऊस धरला की डोळ्यांसमोर कुकर येतो."

चार वर्षं गेली. पत्र्याच्या खोलीचं दोन मजली सायबर झालं, पंख्याचा एसी झाला, माऊसच्या पोटातली गोळी जाऊन लाल दिवा आला. पूर्वी सामना बघायला आठ टाळकी असत, आता बॅनर लागत, माईकवर बोलणारा माणूस असे, कल्याण-डोंबिवलीहून पोरं येत. भात काही आला नाही. तीनदा उल्हासनगरशी गाठ पडली, तीनदा भाकरीच.

आणि आज फायनल. समोर उल्हासनगर.

तीस डावांचा सामना, सोळा जिंकेल त्याची ट्रॉफी. एकोणतीस डाव झाले तेव्हा पडद्यावर आकडे होते पंधरा-चौदा. पंधरा बुवापाड्याचे. द्रौपदीबाईंच्या शेजारी शंकररावांचे जुने मित्र भगवंतराव बसले होते. त्यांना यातलं काही कळत नव्हतं, पण घाम फुटला होता.

"वहिनी, एकच डाव ना?"

"एकच."

"म्हणजे रात्री भात?"

"गप बसा हो. दृष्ट लागेल."

तिसावा डाव. विक्रांत बाद. दुसरा, तिसरा, चौथा बाद. उरला एकटा राजरत्न. समोर उल्हासनगरचे दोघे. एकाला त्याने दारातच टिपलं. हॉल उभा राहिला. आता एकास एक. राजरत्न भिंतीशी दबून पुढे बघत होता, आणि पडद्यावर सगळ्यांना दिसत होतं की दुसरा गडी त्याच्या पाठीमागच्या बोगद्यातून हलक्या पावलांनी येतोय.

पूर्वी खांद्यावरून बघायचं, तेव्हा पोराला दिसे तेवढंच आपल्याला दिसे. ओरडलं तरी काही बिघडत नसे. हा मोठा पडदा ह्या वर्षीच आला होता. त्याच्यावर दोन्ही बाजू दिसत, आणि खेळणाऱ्यांची त्याच्याकडे पाठ होती.

"राजा, मागं! बोगद्यात मागं बघ!" द्रौपदीबाई ओरडल्या.

राजरत्न गर्रकन वळला. एकच गोळी. डाव संपला. विक्रांत टेबलावर चढला, भगवंतरावांनी अनोळखी माणसाला मिठी मारली.

मग पंचाने हात वर केला. चष्मेवाला, वीस-बावीस वर्षांचा पोरगा होता. माईकवर म्हणाला, "रुको, रुको. बाहेरून कोणीतरी पोझिशन सांगितली. ऑडियन्समधून सांगितलेलं चालत नाही. कोण ओरडलं?"

हॉलमधली डोकी इकडेतिकडे वळली.

"सगळेच ओरडत होते!" विक्रांत टेबलावरूनच म्हणाला. "आणि त्याच्या कानाला हेडफोन आहे, साहेब!"

पंच घुटमळला. उल्हासनगरची पोरं एकमेकांकडे बघू लागली. नक्की कोणालाच सांगता येईना. भगवंतराव ओठ न हलवता पुटपुटले, "वहिनी, खाली बघा. शंभर आवाज होते."

द्रौपदीबाईंनी खाली बघितलं. खाली डबा होता. चार वर्षांचा भात तिथे त्या झाकणाखाली वाफाळत असल्यासारखं त्यांना क्षणभर वाटलं. स्टेजवरून राजरत्न त्यांच्याकडेच बघत होता. हेडफोन त्याने गळ्यात उतरवला होता.

त्या डबा भगवंतरावांच्या हातात देऊन उभ्या राहिल्या.

"मी ओरडले. कबड्डीत चालतं."

हॉलमध्ये हशा पिकला. पंचही हसला. "मावशी, इथं नाही चालत."

"नाही चालत तर नाही चालत. तुमचा नियम. पण माझ्यापायी पोरांना वाईट बोलायचं नाही."

तो डाव उल्हासनगरला गेला. पंधरा-पंधरा. जादा सहा डाव झाले, त्यांत बुवापाडा हरला.

ट्रॉफी उल्हासनगरने उचलली तेव्हा बुवापाड्याच्या खुर्च्या रिकाम्या होत चालल्या होत्या. द्रौपदीबाई दुसऱ्या रांगेत उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. माईक बंद झाला, पडदा काळा झाला, तेव्हा थांबल्या. त्यांचा डबा उघडून भगवंतरावांनी दुःखाच्या भरात अर्धी भाकरी संपवली होती.

परतताना राजरत्न रिक्षात द्रौपदीबाईंच्या शेजारी बसला होता. अंबरनाथची हद्द लागल्यावर म्हणाला, "मावशी, मला ऐकू आलं होतं."

"ठाऊक आहे मला."

"तू नसती उठली, तर मला बोलावं लागलं असतं. जीभ उचलत नव्हती माझी. वाचवलंस तू."

"वाचवलं कसलं? बुडवलं."

"ते पण केलंस," तो म्हणाला, आणि दोघंही हसले. मग तो म्हणाला, "आता भात खायला लाग. टीम संपली. विक्रांत बंगलोरला चाललाय नोकरीला. बाकीच्यांच्या शिफ्टा."

"तू आहेस ना?"

"मी एकटा काय करू?"

"एक गडी उरला तरी डाव संपत नाही. शिट्टी झाली का?"

राजरत्नने कपाळावर हात मारला. "बरं, समज उभी केली नवी टीम. तू परत ओरडशील, त्याचं काय?"

"शब्द देते. तोंड उघडणार नाही."

"तू?"

"मी."

तीन महिन्यांनी बदलापूरला एका शाळेच्या हॉलमध्ये सामने लागले. राजरत्नने चार नवी पोरं जमवली होती, त्यांत ऋतिका नावाची एक मुलगीही होती. पहिलाच सामना उल्हासनगरशी. जिंकण्याची आशा राजरत्नलाही नव्हती.

द्रौपदीबाईंनी सकाळी पूजा आटोपली, देवाला मूद दाखवली आणि ताट जनीच्या हातात दिलं.

"एवढ्या लवकर कुठं चाललात, मावशी?" जनीने विचारलं. "आणि बोलत का नाय? घसा बसलाय का?"

सामना अकराला होता. आठ वाजताच द्रौपदीबाईंनी गालात लवंग धरून ओठ मिटले होते. जनीला त्यांनी नुसती मान हलवून दाखवली. घरात जाऊन वाकडी भाकरी फडक्यात बांधली. मग देवासमोरच्या बाटलीतलं थोडं खोबरेल घेऊन दोन्ही तळहातांना चोळलं, कारण टाळ्यांवर कोणी बंदी घातली नव्हती. आणि दाराला कडी लावून, आवाज न करता, त्या बदलापूरच्या वाटेला लागल्या.