व्हर्नाच्या खोक्यातल्या चिठ्ठ्या

मांजर दाराशी येऊन बसलं की दार उघडायचं आणि मग त्याच्या वाटेकडे बघायचंही नाही, हा अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या डोंगराळ गावाचा जुना रिवाज. "मांजर ते, फिरणारच," असं म्हणत आमच्या तीन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. परत आलं तर बशीत दूध मिळायचं. नाही आलं तर कुणाच्या ना कुणाच्या कोठारात पिल्लं असायचीच. यात काही चुकतं आहे असं कुणाला वाटत नसे. लिओनेल थिबोडोलाही वाटत नव्हतं.

लिओनेल चाळीस वर्षं लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवून निवृत्त झालेला. क्लोदेत नावाची त्याची बायको वारून तीन वर्षं झाली होती. नोव्हेंबरात, पहिलं बर्फ पडायच्या आदल्या दिवशी, त्याच्या सरपणाच्या ढिगाखाली एक राखाडी मांजरी सापडली. एका कानाचा तुकडा गेलेला, बरगड्या बाहेर आलेल्या. दर शनिवारी रांधायच्या घेवड्यातला मांसाचा तुकडा त्याने तिच्यापुढे धरला, तर तो तोंडात घेऊन ती सरळ घरात शिरली!

"चार दिवस राहील आणि जाईल," तो भेटेल त्याला सांगे. म्हणून त्याने तिला नावसुद्धा दिलं नाही. नुसती पाहुणी म्हणायचा. पाहुणीने अख्खा हिवाळा काढला, तोही शेगडीजवळच्या क्लोदेतच्या खुर्चीत. त्या खुर्चीत तीन वर्षं कुणी बसलं नव्हतं. पहिल्या दिवशी लिओनेल तिला हुसकवायला उठला, आणि मग का कोण जाणे, तिच्या अंगावर क्लोदेतची शाल टाकून परत बसला. त्या घरात पुन्हा माणसाचा आवाज येऊ लागला. बरेचदा तो मांजरीशी भांडण्याचा असे, पण आवाज होता.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, रस्त्यांचा चिखल झाला आणि पाहुणी दिवसभर खिडकीत बसू लागली. लिओनेलला वाटलं, आता हिला मोकळं करायला हवं. स्वयंपाकघराच्या दाराला खाली भोक पाडून झडप बसवायची त्याने ठरवलं आणि सामान आणायला तो व्हर्ना पिंकमच्या दुकानात गेला.

व्हर्नाने त्या वेळी ऐंशी ओलांडली होती. शाळेत ती लिओनेलच्या पुढे होती आणि ते ती त्याला कधी विसरू देत नसे. तिच्या दुकानात खिळ्यांपासून ब्लूबेरीच्या गोड पाईपर्यंत सगळं मिळे. दाराशेजारी गावाचा सूचनाफलक होता. ज्याला जे सांगायचं ते तो तिथे टाचणीने लावून जाई.

"दोन बिजागऱ्या दे. लहान."

"कशाला रे?"

"दाराला झडप करतोय. पाहुणीला जायला-यायला."

"जायला उपयोग होईल खरा. यायला होईलच असं नाही."

"तू पण ना, व्हर्ना! मांजर आहे ते. घरात कोंडायचं म्हणजे तुरुंगच झाला की."

"पाच महिने आहे ना आत? काय करते कैदीण दिवसभर?"

"पोट वर करून झोपते," लिओनेलला कबूल करावं लागलं.

"आणि जेलर?"

"जेलर बसतो लाकडी स्टुलावर. खुर्ची तिने घेतलीय."

व्हर्ना खळखळून हसली. मग हसू आवरून आतल्या खोलीत गेली आणि बुटांचं एक मोठं खोकं घेऊन आली. त्यात टाचण्यांची भोकं पडलेल्या चिठ्ठ्या होत्या.

"महिना झाला की फळ्यावरचे कागद मी शेगडीत घालते," ती म्हणाली. "हे मात्र माझ्याच्याने जाळवले नाहीत. वाच."

लिओनेल वाचू लागला. *काळा बोका, पाय पांढरे, धाकटी रडून आजारी पडली आहे.* *फोन कधीही करा, पहाटेसुद्धा.* एकीवर कुणा लेकराने रंगीत खडूने मांजर काढलं होतं, त्याला सहा पाय. कुठे कुठे व्हर्नाने लाल पेन्सिलीने 'सापडलं' असं लिहिलेलं होतं.

"लाल किती आहेत यात?"

"एकशे बारांत सात."

"छे! एवढी कशी जातील? मला वाटायचं, दहा-बारा वर्षांत एखादं जात असेल."

"प्रत्येकाला तेच वाटतं. ज्याचं त्याचं एकच जातं ना! सगळी एकत्र दिसली ती फक्त मला. काही टेकडीवरच्या कायोटी लांडग्यांनी उचलली, काही गारठली. आणि हमरस्त्यावर काय पडलेलं असतं, ते ट्रकवाल्या, मी तुला सांगायचं?"

लिओनेल पुढच्या चिठ्ठ्या चाळू लागला. ट्रकच्या उंच सीटवरून चाळीस वर्षं त्याने ते पाहिलं होतं. त्यातलं एखादं कुणाच्या घरचं असेल, कुणी त्याची वाट बघत असेल, हा विचार मात्र त्याच्या मनाला शिवला नव्हता.

आणि मग त्याच्या हाताला ओळखीचं, उजवीकडे झुकलेलं अक्षर लागलं. क्लोदेतचं!

त्यांच्याच घरातून कधीकाळी गेलेल्या मिनू नावाच्या केशरी मांजरीबद्दल चार चिठ्ठ्या होत्या. पहिली ऑक्टोबरची, दुसरी दोन आठवड्यांनंतरची, तिसरी डिसेंबरची. चौथी जानेवारीतली होती: *थंडी फार वाढली आहे. मिनूला कुणी आत घेतलं असेल तर परत देऊ नका. ती जिवंत आहे एवढंच कळवा.*

"चार महिने?" लिओनेलने तारखा पुन्हा वाचल्या. "मला एका शब्दाने बोलली नाही ती!"

"तू काय म्हणाला असतास?"

"म्हणालोच होतो. पहिल्याच आठवड्यात. दुसरं आणू म्हणालो."

व्हर्नाने चिठ्ठ्या गोळा करायची घाई केली नाही. ती म्हणाली, "लिओनेल, बर्फातून आत घेतलंस ते चांगलंच केलंस. पण जीव आत घेतला की त्याचं काय होतं याचं उत्तर आपल्याला द्यावं लागतं. दार उघडून मोकळं होता येत नाही. तिला ऊन हवंय, वारा हवाय, खरंय. मग ते तिला आणून दे की! हात आहेत ना तुला?"

त्या दिवशी लिओनेल बिजागऱ्या न घेता तारेच्या जाळीचं भेंडोळं घेऊन घरी गेला. जूनपर्यंत त्याच्या मागच्या ओट्याला चहूबाजूंनी जाळी लागली, आत चढायला एक वाळका ओंडका उभा राहिला आणि पाहुणी उन्हात पसरून झाडावरच्या पाखरांना शिव्या घालू लागली. पाखरंही सुखरूप राहिली, हे वेगळंच. मग फळ्यावर लिओनेलच्या मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरात चिठ्ठी लागली: *मांजरासाठी जाळीचा ओटा करून हवा असेल तर सांगा. लाकूड तुमचं, मेहनत माझी.* लोक आधी हसले. दोन उन्हाळ्यांत त्याने अकरा ओटे बांधले.

व्हर्ना आता नाही. पन्नास वर्षं गावाचं दुःख तिने खोक्यात जपलं, आणि कुणाला टोचून न बोलता योग्य वेळी उघडून दाखवलं. एवढा शहाणपणा किती जणांजवळ असतो?

वाचकहो, मागितलं की दार उघडणं यालाच आम्ही इतकी वर्षं माया समजत होतो. तो आमचा आळस होता. मुक्या जीवाला घरात घ्याल, तर त्याच्या सुखाचा आणि सुरक्षिततेचा भार अखेरपर्यंत आपला माना. तो पेलायची तयारी नसेल, तर तयारी असलेलं घर त्याला शोधून द्या. पण 'मांजर ते, फिरणारच' असं म्हणून हात झटकू नका. कारण तुमच्याच घरात कुणीतरी चौथी चिठ्ठी लिहीत असेल, आणि तुम्हाला ते ठाऊकही नसेल.