एल्बर्टकाकांची ओळ

अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या त्या चर्चमध्ये पुढचा एक जण भजनाची ओळ म्हणायचा, मग सगळे तीच ओळ लांब ओढून गायचे. हा मान एल्बर्टकाकांचा. खाणीतल्या कोळशाच्या धुळीनं छाती पोखरली होती, तरी नाकात नळी आणि शेजारी ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर घेऊन म्हातारा दर रविवारी हजर.

लोवेलनं आपल्या दुकानातून वर्षानुवर्षं त्यांना सिलिंडर पोचवले होते. त्यामुळे त्याचा कान भजनापेक्षा सिलिंडरच्या फुसफुशीकडे असायचा. आज ती मधेच थांबत होती. त्यानं निरखून पाहिलं. आपली ओळ म्हणून झाली की काका चावी बंद करत, लोक गाईपर्यंत निळ्या ओठांनी बसून राहत आणि पुढच्या ओळीला चावी पुन्हा उघडत.

भजन संपल्यावर तो त्यांच्याशेजारी जाऊन बसला.

"काका, जीव द्यायचाय का?"

"काटकसर रे. नवी कंपनी महिन्याला दोनच सिलिंडर देते. त्यांचा गाडीवाला भला आहे बिचारा, पण एवढ्या मुलखात एकटा किती पुरणार?"

घरोघर ऑक्सिजन पोचवायच्या कामासाठी सरकारनं बोली मागवल्या होत्या आणि सगळ्यात कमी बोलीवाल्याला अख्खा भाग देऊन टाकला होता. कागदावर डोंगर सपाटच असतो! लोवेलला मिळणारे सरकारी पैसे बंद झाले तसं त्यानं दुकान मोडलं, होते नव्हते ते सिलिंडर विकले.

"तूही कमी बोली लावायचीस ना, शहाण्या!"

"लावली असती, काका. मग मीही दोनच दिले असते."

"मग हरलास ते बरं झालं. तुला शिव्या घालायला जड गेलं असतं मला."

पुढचं भजन आलं. लोवेलनं चावी पूर्ण उघडली आणि तिच्यावर हात ठेवला.

"अरे, संपेल!"

"संपू दे. भजन झालं की लगेच घरी नेतो, तिथं विजेवरचं ऑक्सिजनचं मशीन आहे."

"आणि माझी ओळ?"

लोवेलनं हात काढला नाही. काकांची पहिली ओळ खणखणीत आली, दुसरीही. तिसरीला फुसफुस थांबली. काकांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. सगळे ताटकळले.

लोवेलचा आवाज इतका बेसूर की बायको त्याला घरातही गाऊ देत नसे. त्यानं ओळ म्हटली. लोकांनी ती उचलली. त्याला लाजही वाटली आणि रडूही आलं.

शेजारी बसलेले काका नुसते ओठ हलवत सगळ्यांबरोबर गात होते. ओळ संपत आली तसं त्यांनी लोवेलला कोपरानं ढोसलं: पुढची म्हण.