पाव्हण्यांनी घानातलं गाव पाहिलं

धाड गावच्या भगवानरावांना लेकाचं लग्न एकाच कारणासाठी हवं होतं. बोअरच्या मशीनवर कामाला म्हणून घानाला गेलेला ज्ञानेश्वर लग्न ठरलं की परत येईल, असं त्यांनी धरून ठेवलं होतं. तिकडं राहायला कोणती पोरगी तयार होणार? आफ्रिका म्हटलं की आलेले पाव्हणे चहाआधीच उठत.

अमडापूरचे शंकरराव मात्र चहा पिऊ लागले. "आमच्या प्रेरणाले पोरगा पसंत हाय," ते म्हणाले. "पण पोरगी द्याची तर गाव पाहा लागते."

आमच्याकडं रीतच आहे तशी. पोराचं नाकडोळं मागून, आधी गावचं पाणी अन् शिवार. घानाला काही जीप जात नाही. म्हणून मोबाइल तांब्याला टेकवला अन् तिकडून ज्ञानेश्वर गाव दाखवू लागला.

माती तांबडीलाल. घरं गोल, मातीची, वर गवताचं छप्पर. ज्वारी, बाजरी, भुईमूग सगळं पिकतं. उत्तरेला नाला, उन्हाळ्यात आटतो. शंकररावांनी मान डोलावली. आटत नाही म्हटलं असतं तर त्यांना संशय आला असता.

"बाजार कोणत्या वारी?"

"दर सहाव्या दिवशी, मामा."

"ते झालं. वार कोणता?"

"वार सरकत राह्यते."

शंकररावांनी कप खाली ठेवला. बाजाराला वार नाही, ते कसलं गाव!

भगवानराव पुढं सरकले. स्थळ हातचं चाललं होतं. मग त्यांनी तोंड उघडलं ते मिटेचना. "पाव्हणे, आपण भाजीसाठी आठ दिवस थांबतो, तिथं सहाव्या दिवशीच ताजी. हवा कोरडी, गुडघे धरत नाहीत. पाव्हण्याले आधी पाणी देतात, मंग काम पुसतात. गोरखचिंचेचं झाड तर असं, की सावलीत अख्खी ग्रामसभा बसंन." स्वतः ते जालन्यापुढं गेलेले नव्हते. लेक फोनवर सांगायचा तेव्हा जांभया देत ऐकलेलं सगळं आज कामी येत होतं.

शंकररावांनी कप पुन्हा उचलला. "पक्कं समजा. पोरगी तिथं सुखात नांदंन."

"बाबा," मोबाइलमधून ज्ञानेश्वर म्हणाला. "मले वाटे, तुमले हे गाव आवडतच नाही. म्हणून बोललो नोहतो. इथं घराले जागा पाहून ठेवली हाय. आता बांधूनच घेतो."

भगवानरावांच्या बायकोनं, आशाबाईनं, पेढे पुढं केले. भगवानरावांना रडू येत होतं. पाव्हण्यांसमोर नाही कसं म्हणायचं, म्हणून त्यांनी पेढा खाल्ला.